इचारलं तर सांगीन

झबलं शिवताना शिवण बाहेरच्या अंगाला ठेवायची, हे मला वडिलांनी शिकवलं नाही. ते जन्मभर शिंपीकाम करत होते, पण त्यांचा हात सदऱ्या-पैरणींवर. झबल्याचं मला मार्थाबाईनं शिकवलं, तेही रागावून. काष्टीच्या शनिवारच्या बाजारात मी मशीन घेऊन बसायचो आणि ती माझ्या डाव्या हाताला, लिंबाच्या त्याच सावलीत, पोतं पसरून बसायची. पहिल्याच शनिवारी मी एका बाईला झबलं शिवून दिलं. मार्थाबाईनं ते त्या बाईच्या हातातून मागून घेतलं, उलटं केलं, आतून अंगठा फिरवला आणि मला विचारलं, "ही टोचरी बाजू कुनाकडं ठिवलीस?"

"आतल्या अंगाला. दिसत न्हाई."

"दिसत न्हाई, पर लागती की. भायेरची बाजू लोकांच्या डोळ्यांसाठी आसती लेका, आतली लेकराच्या अंगासाठी. लोकांचं काय, ते बघून घरला जात्यात."

मी शिवण उसवली आणि पुन्हा घातली. एकाहत्तर सालची ही गोष्ट. मी बावीस वर्षांचा होतो, ती साठीला आली असावी.

उंच, हडकुळी बाई. पांढरं पातळ, कपाळ मोकळं, खांद्यावर पदराला सेफ्टी पिन. ती पिन श्रीगोंद्याच्या मिशन बोर्डिंगात स्वयंपाकीण असताना तिथल्या मडमनं लावायला सांगितली होती. मडम विलायतेला गेली, बोर्डिंग बंद पडलं, मुली पांगल्या, पिन राहिली. चर्चच्या मागच्या एका खोलीत ती एकटी राहायची. लहान मुलांची झबली, टोपडी, कुंच्या हातानं शिवायची आणि शनिवारी पहिल्या एस.टी.नं गाठोडं घेऊन काष्टीला यायची. एके काळी उपासनेला बाकं पुरायची नाहीत, असं ती सांगे. आता सात माणसं उरली होती, त्यातली दोन बहिरी. पाळक महिन्यातून एकदा नगरहून येत.

गाठोडं सोडण्याआधी ती त्यावर हात ठेवून थोडा वेळ गप्प बसायची. मला वाटायचं, दम खात असेल. एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, "प्रार्थना करते."

"डोळे उघडे ठिवून?"

"बाजारात डोळे मिटले की एक टोपडं जातंय. देवाला ठावं हाय, मी कुठं बसलीय ते."

तिचं सगळं बोलणं असंच होतं, सरळ आणि जरासं कोरडं. धर्माच्या गोष्टी ती आपण होऊन कधी काढत नसे. मला तर वाटायचं, या बाईला देवाबद्दल फार बोलायला आवडत नाही. माझा हा समज शालूला पाहीपर्यंत टिकला.

शालू तिची नात, मुलीची मुलगी. मार्थाबाईची लीला श्रीगोंद्याच्या एका दवाखान्यात नर्स होती. हात मोडून आलेल्या मारुती नावाच्या ट्रॅक्टर ड्रायव्हरशी तिचं जमलं. तो हिंदू, शेतकऱ्याच्या घरातला. दोन्हीकडून विरोध झाला, दोघांनी नगरला जाऊन लग्न नोंदवलं आणि ती त्याच्या वाडीवर नांदायला गेली. वाडी काष्टीपासून दीड कोसावर. शालू दोन वर्षांची असताना लीला विषमज्वरानं गेली. मुलगी बापाच्या घरी राहिली. तिला मारुतीची आई, बायजाबाई, सांभाळायची.

बायजाबाई दर शनिवारी अंडी आणि भाजी घेऊन बाजाराला यायची. तिनंच आपण होऊन हा मार्ग काढला होता. बाजार होईपर्यंत शालूला मार्थाबाईपाशी बसवायचं आणि उन्हं कलली की घेऊन जायचं. वाईट बाई नव्हती ती. पण तिची एक अट होती, आणि ती तिनं माझ्यादेखत पुन्हा एकदा सांगितली.

"विहीनबाई, खाऊ घाला, न्हाऊ घाला, येनी घाला. पर तुमच्या देवाचं कायबी तिच्या डोक्यात घालू नगा. उद्या तिला आमच्यातच द्यायचीय."

मार्थाबाईनं सुईत दोरा ओवला. "मी हून काय सांगायची न्हाई. शब्द देते. पर तिनं इचारलं तर मी खोटं बोलायची न्हाई."

"पाच वर्साचं प्वार काय इचारनार?" म्हणून बायजाबाई हसली आणि टोपली उचलून गेली.

बायजाबाईला नातीची पुरती ओळख नव्हती, असंच म्हणायचं. शालू सगळं विचारायची. लिंबाला कडू कोणी केलं, शिंप्याच्या मशीनला पाय का असतात, मी लग्न का केलं नाही. मार्थाबाई तिच्या केसांची गुंतवळ सोडवता सोडवता एकेक उत्तर द्यायची. पण ती कशाची तरी वाट बघत असायची, हे मला हळूहळू दिसायला लागलं. भाकरीचं फडकं सोडलं की ती हात मांडीवर ठेवून क्षणभर थांबायची आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून पोरीकडे बघायची. काही बोलायची नाही. तिसऱ्या की चौथ्या शनिवारी शालूनं विचारलं.

"आजी, तू जेवायच्या आदी गप का बसतीस?"

मार्थाबाईच्या तोंडावर जे आलं, ते मी नंतर कधी पाहिलं नाही. दुपारी उपाशी बसलेल्याला कोणी ताट वाढावं, तसं.

"आभार मानते."

"कुनाचं?"

"भाकर दिली त्याचं."

"भाकर तर तू केलीस."

"मी भाजली. जवारी मी केली न्हाई."

"मग कुनी केली?"

"देवबापानं."

शालूनं भाकरीकडे बघितलं. "त्यो मला बी दितो?"

"तुला बी दितो. ह्या मशीनवाल्या दत्तूला बी दितो. दत्तू कदी त्याला काय म्हनत न्हाई, तरी दितो."

मी मशीन चालवत राहिलो. पण त्या दिवसापासून भाकरीचा पहिला घास मला जरा थांबूनच घेता यायचा.

असं ते चालायचं. एखादा पेरू घेतला की मार्थाबाई त्याच्या तीन फोडी करायची. एक शालूची, एक तिची, आणि तिसरी बाजाराच्या तोंडाशी बसणाऱ्या महारोगी म्हाताऱ्याची. फोड घेऊन शालूलाच पाठवायची. पोरगी विचारायची, "त्येला का?" मार्थाबाई म्हणायची, "येशू आसता तर आदी त्येच्यापाशी बसला आसता, मग आपल्याकडं आला आसता." शालू विचारायची, "येशू कोन?" आणि मग एखादी गोष्ट निघायची. टोपड्याच्या गोंड्याला दोरा गुंडाळता गुंडाळता, मध्ये गिऱ्हाईक आलं की थांबवून, गेलं की पुन्हा उचलून. ती गोष्टी अशा सांगायची की येशू भीमेच्या काठावरच कुठं तरी वावरत असावा. तिच्या गोष्टीतले कोळी पेडगावचे वाटायचे.

एका शनिवारी तिशीचा एक माणूस आला. डोक्यावरचं मुंडासं त्यानं काढून हातात धरलं होतं.

"पांढरं झबलं हाय का?"

"किती म्हयन्याचं बाळ?"

"आठ दिसाचं," तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं, "हुतं."

मार्थाबाईनं गाठोड्याच्या तळातून मऊ पांढरं झबलं काढलं, घडी उलगडून पुन्हा घातली आणि त्याच्या हातात दिलं. तो खिसा चाचपायला लागला, तेव्हा तिनं त्याचा हात धरून मिटवला. तो गेला.

शालूनं विचारलं, "त्येचं बाळ कुठं गेलं?"

"देवाघरी."

"माझी आई बी तितंच हाय?"

"व्हय."

पोरीनं जरा विचार केला. "मग आई घील त्येला कडंवर."

मार्थाबाईची सुई थांबली. ती म्हणाली, "घील की. तिला लेकरांची लई हौस."

मी मान खाली घालून टीप मारत राहिलो. त्या वेळी मला वाटलं, इतकं चांगलं बोलणं मी देवळातही ऐकलं नाही.

त्या सुमारास मारुतीनं दुसरं लग्न केलं. नवरीचं नाव कमळ. एकोणीस वर्षांची, अबोल. पुढं दुष्काळ पडला. पहिल्या वर्षी लोक म्हणायचे, पुढच्या साली भरपाई होईल. दुसऱ्या साली कोणी काही म्हणेना. काष्टीच्या बाजारात बैल यायचे ते आपल्या पायांनी परत जातील की नाही असे. माझ्याकडे नवं शिवायला येणारे थांबले. आले तर ठिगळं लावायला. बायाबापड्या खडी फोडायच्या कामावर होत्या. बाजाराच्या दिवशी येणाऱ्या बायका मार्थाबाईची झबली हातात घेऊन बघायच्या, गालाला लावायच्या आणि ठेवून जायच्या. लिंबानंही पानं टाकली, आणि आम्ही दोघं काटक्यांच्या सावलीत बसायला लागलो.

शालू आता सात वर्षांची झाली होती. तिचे प्रश्न बदलले होते.

"आजी, देव पाऊस का पाडत न्हाई?"

"मला ठावं न्हाई."

"मग इचार की त्येला."

"रोज इचारते."

"मग काय म्हनतो?"

मार्थाबाईनं चष्मा काढून पदरानं पुसला. "आजून काय बोलला न्हाई."

तिला काही तरी ठरीव उत्तर देता आलं असतं. पाळक देत असतील. पण खोटं बोलणार नाही हा शब्द तिनं विहिणीला दिला होता, तसाच पोरीलाही दिला असावा. शालूनं ते उत्तर मुकाट्यानं घेतलं. तिला राग आला नाही. मला मात्र आला. म्हटलं, "मावशी, तुमचा देव बी आमच्या देवासारखाच निघाला." ती म्हणाली, "आसंल. माजं त्याच्याबिगर कोन हाय सांग, म्हंजे त्याच्याकडं जाते."

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात कमळचं तान्हं मूल आजारी पडलं. चार महिन्यांचा मुलगा. विहिरीच्या तळाशी गढूळ पाणी उरलं होतं, तेच सगळे पीत होते. त्याला हगवण लागली. मारुती बैलगाडीतून त्याला दवाखान्यात घेऊन गेला, औषध आणलं, पण उतार पडेना. हे सगळं मला नंतर कळलं. शनिवारी शालू आली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारी बायजाबाई एकटीच आली. हातात टोपली नव्हती. ती मार्थाबाईच्या पोत्यासमोर उभी राहिली, बसली नाही.

"बाळ गेलं, विहीनबाई."

मार्थाबाई उठायला लागली. बायजाबाईनं हातानंच तिला थांबवलं.

"बसा. माजं ऐका आदी. बाळ पाळन्यात पडल्यालं, डोळं वर गेल्यालं. कमळ रडतीया. आन् ही पोरगी पाळन्यापाशी बसून हात जोडून पुटपुटतीया. मग कमळला म्हनली, 'रडू नगंस. बाळ मेलं तर माजी आई घील त्येला कडंवर. तिला लई हौस हाय.' आसं म्हनली. दिवा लावायच्या टायमाला बाळ गेलं." बायजाबाईचा आवाज फाटला. "सवतीनं बाळ न्हेलं म्हनून कमळ डोस्कं आपटून घेती. मेलेली बाई बलवून आनली म्हनत्यात पोरीनं. समदी वाडी म्हनतीया. तुमी मला शब्द दिल्ता."

आजूबाजूचे दुकानदार बघायला लागले. मला राहवलं नाही. मी मशीनवरून उठलो. "बायजाबाई, मी हितंच हुतो. मावशींनी तसलं काय शिकवलं न्हाई. ते पोरगीच आपल्या मनानं..."

"दत्तू, गप." मार्थाबाई माझ्यावर इतक्या जोरात कधी ओरडली नव्हती. मग हळू म्हणाली, "लेकरावर ढकलू नगंस. तिला त्या घरात ऱ्हायचंय." आणि बायजाबाईकडे वळून, "व्हय. मी शिकवलं. तिच्यात तसलं कायबी न्हाई. माजं बोलनं ती बोलली. घरी तसंच सांगा. म्हातारीनं शिकवलं म्हनावं."

बायजाबाई तिच्याकडे बघत राहिली. माझी खात्री आहे, तिला खरं काय ते कळलं होतं. तिनं डोळ्यांना पदर लावला, "आता पोरगी यायची न्हाई," एवढं म्हणाली, आणि निघून गेली.

त्यानंतरच्या सोमवारी मार्थाबाई वाडीवर गेली. मी सायकलवर बसवून नेतो म्हटलं तर नको म्हणाली. मग मी सायकल हातात धरून तिच्याबरोबर चाललो. वैशाखाचं ऊन होतं. वाडीवर पोचलो तेव्हा मारुती दारातच होता. त्यानं आम्हाला अंगणात उभं ठेवलं. पाणी विचारलं नाही. तिथं पाणी तरी कुठं होतं.

"मला कमळपाशी दोन शब्द बोलायचं हायेत," मार्थाबाई म्हणाली.

"ती कुनाशी बोलत न्हाई."

"मग तिला एवढंच सांग, माजी लीला कुनाचं लेकरू घ्यायला यायची न्हाई. ती तसली नव्हती. तुला ठावं हाय, मारुती, ती कशी हुती."

मारुतीनं मान फिरवली. त्याचा जबडा हलत होता. तेवढ्यात घराच्या दारात शालू आली. तिचे केस कापले होते, अगदी बारीक, बहुधा नजर उतरवण्याच्या कुठल्या विधीत. मार्थाबाईनं हात पुढं केला. पोरगी उंबऱ्यावरच थांबली.

"शालू, बरी हायेस का गं?"

शालूनं बापाकडे बघितलं, मग आजीकडे. "आजी, मी आता काय इचारत न्हाई," ती म्हणाली आणि आत गेली.

परत येताना मार्थाबाईचा पाय दोनदा अडखळला. रस्त्याच्या कडेला बाभळीखाली बसली तेव्हा मी तिला म्हटलं, "पोरगी ल्हान हाय मावशी. मोठी झाली की यील." ती म्हणाली, "मोठी झाली की तिला कळंल, तिच्या बोलन्यानं काय झालं. मग तर यायचीच न्हाई."

त्या वर्षी पाऊस झाला, चांगला झाला. बाजार भरायला लागला, लिंब फुटला. मार्थाबाई काही शनिवार आली. गाठोडं उघडून बसायची, पण त्यावर हात ठेवून थांबायचं तिनं सोडलं होतं. भाकरी सरळ खायची. एकदा बायजाबाई शालूला घेऊन बाजारात आली. कपड्यांच्या रांगेतून न येता त्या भांड्यांच्या बाजूनं गेल्या. मी मार्थाबाईकडे बघितलं. तिनं पाहिलं होतं. ती गोंड्याला दोरा गुंडाळत राहिली, गुंडाळत राहिली, इतका की तो गोंडा शेवटी कागदी लिंबाएवढा झाला. दसऱ्यानंतर ती यायची थांबली.

नाताळच्या दिवशी मी मशीनचा पट्टा आणायला श्रीगोंद्याला गेलो होतो. म्हटलं, सण आहे, म्हातारीला भेटून यावं. चर्चवर कागदाच्या पताका लावल्या होत्या. आत उपासना चालली होती. नाताळ म्हणून बाहेरगावची माणसंही आली असावीत, आवाज बराच होता. मार्थाबाई बाहेर पायरीवर बसली होती. पातळ धुतलेलं, पदर नीट. फार वाळली होती.

मी शेजारी बसलो. "मावशी, आत न्हाई गेला?"

"गेल्ते रं. आत गेलं की तोंडातून कायच निघत न्हाई. बाकीच्यांनी गावं आन् मी नुसतं बसावं, ते बरं दिसत न्हाई. म्हनून हितं बसते."

"रोज आसंच?"

"दर रविवारी."

"मग घरीच ऱ्हावं की. थंडीचं कशाला हितं?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काही तरी पोरकट बोललो होतो. "घरी बसून कसं चालंल? त्याला मला काय सांगायचं आसंल तर त्यो यील की भायेर. मी हितं नसले तर कुठं हुडकील?"

"आन् न्हाई आला तर?"

आतलं गाणं संपलं. माणसं बाहेर आली, एकमेकांचे हात हातात घेऊन शुभेच्छा द्यायला लागली. कोणी तिच्या ओंजळीत करंज्या ठेवल्या, कोणी वाकून विचारपूस केली. ती सगळ्यांना बरं आहे म्हणाली. पाळकांना नगरची बस गाठायची होती. ते घाईघाईनं तिच्या डोक्यावर हात ठेवून गेले. एका माणसानं आतले दिवे मालवले, दार लोटलं आणि कुलूप घातलं.

"चला मावशी, खोलीवर सोडतो."

"तू जा दत्तू. तुला लांब जायचंय. मी बसते आजून."

मी निघालो. फाटकापाशी सायकल होती, तिथून पायरी दिसत होती. करंज्या तिनं बाजूला ठेवल्या होत्या. अंगावर पदर ओढून, बंद दाराकडे पाठ न करता, थोडी वळून, ती बसली होती.